फाटकावरचा योर्ग

आमच्या कोलोनच्या ऑफिसातला योर्ग रजा टाकून हवाई दलाच्या तळावर पहारा द्यायला जातो, हे ऐकून तुम्ही हसलात ना? मीही हसलो होतो. म्हटलं, "काय रे, विमान उडवतोस की काय?"

"छे! मी रिझर्व्हमधला, म्हणजे राखीव सैनिक. नेहमीचे सैनिक परदेशी मोहिमेवर गेले, की तळ वाऱ्यावर सोडायचा का? मग आमच्यासारखे आसपासचे लोक फाटक सांभाळतात. आमच्यात एक बेकरीवाला आहे, एक मास्तरही आहे."

त्याची मुलगी लेना त्याच तळावर विमानांची मेकॅनिक होती. गेल्या वर्षी तिची तुकडी मोहिमेवर गेली आणि तिकडे जीप उलटून पोरगी दगावली.

तिला विमानानं परत आणलं, त्या दिवशी फाटकावर नेमकी योर्गची ड्यूटी होती. अधिकारी म्हणाला, "तुम्ही घरच्यांजवळ थांबा, मी दुसरा माणूस देतो." योर्गनं ऐकलं नाही. शवपेटीची गाडी बाहेर पडताना फाटक त्यानंच उघडलं, सलाम केला, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर ते लावून घेतलं.

मी आणि माझी बायको मुग्धा समाचाराला गेलो. मुग्धाला राहवलं नाही. "अशा वेळी ड्यूटी कशाला केलीत?"

योर्गनं कॉफीचे कप आमच्यापुढे सरकवले. मग म्हणाला, "ती मोहिमेवर निघाली तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. फोनवर म्हटलं, बरं, येशील तेव्हा फाटक मीच उघडीन."