जास्तीची बोटं

दात ठणकत होता, तरी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या पोस्टातल्या बाईंचे कान शेजारच्या जोडप्याकडेच लागले होते. ते नवरा-बायको संग्रहालयात दगड कोरून त्यातली जुनी हाडं मोकळी करायचे, आणि त्यासाठी डॉक्टरांच्या ड्रिलच्या वापरलेल्या सुया मागायला आले होते.

"अहो, परवा दगडातल्या त्या मागच्या पायाला सात बोटं दिसत होती."

"पाच आहेत."

"आज पाच आहेत. मी परवाचं विचारतेय."

"अगं, पालीला बघ, माकडाला बघ, स्वतःला बघ. पाचाच्या वर कुणाला आहेत?"

"ही सगळी नंतरची. हा तर माशाच्या परांचे नुकते पाय होऊ लागले तेव्हाचा प्राणी. त्याला पाचाचा नियम कुणी सांगितला?"

"कडेला दोन उंचवटे होते. मला दगडच वाटला."

"वाटला, म्हणून घासलात?"

"जरासं साफ केलं."

"आणि भुगा?"

"झाडला."

"झाडला, की माझ्या नजरेला पडू नये म्हणून झाडला?"

"बायको आहेस की फौजदार?"

"पुढचा पाय अजून दगडात आहे ना? तो मी कोरणार. तुम्ही त्याला बोटसुद्धा लावायचं नाही."

तेवढ्यात बाईंना आत बोलावलं. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर दिवा धरला.

"मागे हा एक दात जास्तीचा आलाय. काढून टाकू या."

बाईंनी झटकन तोंड मिटलं.

"जास्तीचा कशावरून?"