खिडकीवरचे ठसे

चारित्र्य पडताळणीच्या खिडकीपुढे माझ्या आधी गॅस टँकरचा ड्रायव्हर होता. सोबतीला त्याचा धाकटा भाऊ.

"ड्रायव्हिंगला किती वर्षं?"

"एकोणीस, साहेब. साधा ओरखडा नाही."

"मग हे काय? बारा वर्षांपूर्वी ट्रकनं उडवलं, एक बाई जागीच गेली. नाव तुमचं, लायसन्स तुमचं. जामिनावर सुटून फरार."

"फरार? मी? काहीतरीच काय! त्या वर्षी मी पाय मोडून घरी पडलो होतो. धाकट्या, सांग की! माझा ट्रक तेव्हा तूच न्यायचास ना?"

"हो, दादा."

"याचं लायसन्स निघायचं होतं, साहेब. कुणी अडवलं तर असू दे म्हणून माझं दिलं होतं. आमचे चेहरे सारखेच."

"लायसन्स दिल्याचं बोलून बसलात, तोही गुन्हाच. बोटं ठेवा या यंत्रावर. हं. तेव्हा घेतलेले ठसे तुमचे नाहीत."

"बघा! हुश्श! जीव भांड्यात पडला. धाकट्या, ऐकलंस ना? अरे, घाम का पुसतोयस?"

"दादा, घरी चल. सगळं सांगतो."

"काय सांगतोस? कुणाला उडवलंस तू? बोल!"

"आवाज खाली. धाकटे, इकडे या. हल्ली काय चालवता?"

"शाळेची बस."

"माझ्या दोन्ही पोरी, याच्या पुतण्या, याच्याच बसमध्ये असतात, साहेब."

"आणि लायसन्स?"

"माझं काढायचं राहूनच गेलं, साहेब. शाळेत दादाच्या लायसन्सची झेरॉक्स दिलीय."