करपलेलं बूड

आई गेल्यावर तिची भांडी द्यायला हॅमिल्टनच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मी रांगेत उभी होते. पुढचं म्हातारं जोडपं मराठीत भांडत होतं.

"अहो, ती कढई खोक्यातून परत का काढताय? बूड करपलंय तिचं."

"म्हणूनच! वाळवंटात जन्मभर वस्त्या खोदल्या, उमा. अख्खं मडकं सापडलं की आम्ही फोटो काढायचो. करपलेलं खापर सापडलं की नाचायचो."

"नाचायचात कशाला?"

"तिथे कोणीतरी रोज रांधत होतं, हे कळायचं ना."

"चार हजार वर्षांपूर्वीच्या बाईचा स्वयंपाक कळतो. आपल्या घरात चहाची गाळणी कुठे असते?"

"तिथपर्यंत अजून खोदलं नाही. परवानगी कुठे मिळते?"

"आजच देते. पण आपण दोन खोल्यांच्या कॉन्डोत जातोय, म्युझियममध्ये नाही."

"एवढी एक ठेवू दे."

"ठेवा. निदान घासून तिचा पुरावा तरी तुम्ही घालवणार नाही!"

माझा नंबर आला. आईचं दुधाचं पातेलं मी लाजेने तळाशी, ताटांखाली लपवलं होतं. सकाळी तासभर घासलं, पण ते मला पुरून उरलं होतं.

"हे करपलंय, तुम्हाला चालणार नाही," असं काउंटरवरच्या मुलीला सांगून मी ते कोटात घेतलं.