काजीचे हात

संचिता : पिशवी खाली ठेवा आधी, आई. एवढ्या उन्हात बागेतल्या मांगरात जाऊन काय करणार?

काशीबाई : ऱ्हवतलंय. थय बाज आसा, चूल आसा. नातीक माझ्या हातांपासून लांब ठेवक व्हया मां, मगे मीच लांब जातंय.

संचिता : हे तुम्हाला कोणी सांगितलं?

काशीबाई : काल फोनार तुझ्या आवशीक सांगत होतंस. सासूबाई जन्मभर काजू फोडतायत, हात कितीही धुतले तरी काय भरवसा. मी म्हातारी झालंय, बहिरी नाय.

संचिता : माझ्या आईला विचारत होते मी. मला काही कळेनासं झालंय, म्हणून दिसेल त्याला विचारत सुटलेय. डॉक्टरांनी काजूची ॲलर्जी सांगितली, काजू घरातून हलवा म्हटलं. तुम्हाला हलवा नाही म्हटलं.

काशीबाई : आठ दिस तू खोलयेचा दार लावन जुईक जेवण भरवतंस. काल तिना माझ्यासमोर हात वर केल्यान, आणि मी माझे हात पाठीमागे घेतलंय. चेडू रडाक लागला. सुशांत इचारता, आई, काय झाला गो? काय सांगू झिलाक?

संचिता : दार मी भीतीने लावते.

काशीबाई : माझ्या भीतीन.

संचिता : सगळ्याच्याच. काल बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचत दुकानात उभी होते, मागे रांग लागली.

काशीबाई : काजू बंद, ता समाजला. शेंगदाणे कित्याक बंद? ते तर तुमच्या घाटावरले.

संचिता : रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत. काजू आणि पिस्ता कायमचे बंद, बाकीचं रिपोर्ट बघून सांगतील. आईने गडहिंग्लजहून पाठवलेली शेंगदाण्याची चटणीसुद्धा शेजारच्या समीक्षाला देऊन टाकली.

काशीबाई : नारळ?

संचिता : चालेल. रोज खातेच ती.

काशीबाई : आणि आंबो?

संचिता : तोही चालेल म्हणाले.

काशीबाई : कृषीवालो सांगत होतो, आंबो आणि काजी एकाच कुळातले. एक भाव चालता, दुसरो चालणा नाय. ह्यो खंयचो न्याय?

संचिता : मीही हेच विचारलं. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, मी मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत सगळं विसरले.

काशीबाई : ह्या घरात चार पिढये काजीर वाढले. काजीन कोणाचो जीव घुसमाटलेलो मी आयकाक नाय. चिकान फोड येतत, ते सगळ्यांकच येतत.

संचिता : तिथेच तर फसलो आपण. शिमग्यात तिच्या तोंडाभोवती लाल झालं होतं, आठवतंय?

काशीबाई : आठावता. मी म्हटलंय, माझ्या बोटांचो चीक लागलो असतलो. खोबरेल लायलंय.

संचिता : आणि मी हसून फोटो काढला. सुशांतना पाठवला, खाली लिहिलं, काजूवाल्यांची नात शोभते. अजून आहे तो फोनमध्ये. पुसवत नाही, बघवतही नाही.

काशीबाई : त्या आयतवारीपन आदी खोबरेलाची बाटलीच शोधलंय मी.

संचिता : मीच ओरडले होते, बाटली कुठे म्हणून. तिचे ओठ सुजले, आवाज बसला, आणि आपण दोघी तेल शोधतोय. बाबलीची रिक्षा दारात नसती तर...

काशीबाई : ता बोला नको.

संचिता : नाही बोलत.

काशीबाई : पन उसळ मीच भरवलंय. ओल्या काजूगरांची. दोन गर, बोटान चेपून. सुशांत तोंडान काय बोलणा नाय, पन जेवताना माझ्याकडे बघणा नाय.

संचिता : आई, बसा जरा.

काशीबाई : बसान काय करू? ऊन कलता.

संचिता : उसळ तिने थुंकली होती.

काशीबाई : कधी?

संचिता : तिखट लागली म्हणून. तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा. मग मी तिला वाटीभर शिरा दिला. त्यात काजूची पूड होती. तिचं वजन वाढत नाही म्हणून फोनवर कुठेतरी बघितलं होतं मी. चांगले दोन चमचे घातले. आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं हिने, तर माझ्या तोंडून आलं, आजीने काजूची उसळ दिली.

काशीबाई : पूड होती ता माका ठावक आसा.

संचिता : कसं?

काशीबाई : दुसऱ्या दिवशी मिक्सराचो जार कोणी धुतल्यान? पात्याखाली चिकाटलेली.

संचिता : आणि तुम्ही आठ दिवस गप्प बसलात?

काशीबाई : थुकल्यान ता ठावक नव्हता. माका वाटला, माझी उसळ, तुझी पूड, दोगींचा मिळान झाला. आणि पूड तरी कोणाच्या गरांची? मीच फोडलेली. तू थय दवाखान्यात खाटीकडे तिचो पाय धरून बसलेलंस, चाय पन घेवक नाय. तेच्यात मी जाराची गोष्ट खंय काढू?

संचिता : आज सुशांतना सांगते मी.

काशीबाई : सांग. पन जेवल्यावर सांग. उपाशी पोटी तो अगदी बापाशीवर जाता.

संचिता : आई, सोमवारपासून मला पतपेढीत कामावर जायचंय. तुम्ही मांगरात गेलात तर जुईजवळ कोण?

काशीबाई : आणि परत काय झाला तर? दवाखान्यातसून दिलेली ती मांडयेत टोचूची सुई माका येवची नाय. रेशनाचा मशीनपन माझ्या बोटांक ओळखणा नाय. चिकान रेषा खाल्ल्यान सगळे.

संचिता : सुई टोचायला रेषा लागत नाहीत. डॉक्टरांनी सरावासाठी वेगळी सुई दिलीय. मी केळ्यावर करून बघितलं.

काशीबाई : केळा कसला, ता मेणासारखा. ती पपय हाड. हिरवी. चेडवाच्या मांडयेसारखी घट आसा.

संचिता : आणते. हात धुऊन या आधी.

काशीबाई : धुतलंय. हा, दाखय.

संचिता : मांडीच्या बाहेरच्या अंगाला. अशी मुठीत धरा. घाबरून अर्ध्यावर थांबायचं नाही.

काशीबाई : कोयतो धरलेलो हात आसा ह्यो, थांबाचो नाय. असा?

संचिता : असंच. पण अर्ध्यावर थांबलात.

काशीबाई : पपयेर चुकाकच व्हया. तिच्यार चुकता नये.

संचिता : मग लगेच बाबलीला फोन.

काशीबाई : आदी सुई, मगे बाबली.

संचिता : आणि खोबरेल नाही.

काशीबाई : खोबरेल नाय. परत करून बघतंय. ह्या बाजून.

संचिता : काजूच्या गोणी आणि तुमचं फोडायचं मशीन आज सुशांत मांगरात नेऊन ठेवतील. त्या जातील, तुम्ही नाही.

काशीबाई : आणि ह्या वर्साची काजी फोडतलो कोण?

संचिता : माहीत नाही.

काशीबाई : पावण्यांनी काजूकतली हाडल्यानी तर? शाळेत घातल्यार, डब्यातला कोणी दिल्यान तर?

संचिता : तेही माहीत नाही, आई. मला सोमवारपर्यंतचंच सुचलंय.

काशीबाई : बरा. मगे सोमवारपर्यंत पिशवी उघडतंय.

(खोलीतून जुईचा आवाज : "आजये, माका उचल.")

काशीबाई : इलंय गो बाय, हात धुवन येतंय.

संचिता : आत्ताच तर धुतलेत.

काशीबाई : आता पपयेचो चीक लागलो. तू साबण दी. आणि दार उघडा ठेय.