हेडबाईंचं कानाचं मशीन

हॅलो?… हॅलो! चिमणे, ऐकू येतंय का?… मग आधी तो मिक्सर बंद कर!… हां. हो, मघाशी फोन मीच केला होता. दुकानातूनच बोलतेय. आतलं दार लावून घेतलंय… अगं, बाहेर खुर्चीत कोण बसलंय सांगू?… हेडबाई.

… हो, तीच. दुसरी कुठली? तिसरीत वाचताना अडखळलीस म्हणून तुझ्या कानाखाली मारणारी… 'एकच चापट' काय म्हणतेस! पडदा फाटला होता. डावा कान गेला तो गेलाच. इतकी वर्षं झाली, तरी तू तिचीच बाजू घेतेस.

… ऐक ना, मधे बोलू नकोस. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा आली. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, मशीन हवंय म्हणाली. मला ओळखलं नाही… हो, चर्चमध्ये दर रविवारी पुढच्याच बाकावर असते. पण मागे वळून कधी बघितलंय तिने?

… दिलं ना. कानाचा साचा घेतला, मशीन बसवलं… आणि मुद्दाम बिघडवलं… हो, मुद्दाम. कॉम्प्युटरवर करता येतं. माणसांचं बोलणं खाली, खडखडाट वर. चमचा पडला तर डोक्यात घण बसावा, आणि नातवाचा एक शब्द कळू नये… ओरडू नकोस. इजा होईल एवढं नाही केलं. तेवढी अक्कल होती मला.

… खरं सांगू? रविवारी मजा आली. मी मागून बघत होते. कुणी पुस्तक मिटलं तरी दचकायची. शेवटी दोन्ही मशीन काढून रुमालात गुंडाळली. प्रार्थनेला सगळे उभे राहिले आणि ही बसूनच… हो, कळलंच नाही तिला. मी म्हटलं, बरं झालं. कळू दे आता, वर्गात एका कानाने बसणं काय असतं ते.

… तेच तर! नेमकं तेव्हाच पाळकसाहेब उपदेशात काय बोलावेत? म्हणे, उपासना इथे संपत नाही. उद्या दुकान उघडाल, फरशी पुसाल, कुणाचं माप घ्याल, ती तुमची खरी उपासना. गाणी काय, सगळ्यांनाच येतात म्हणे… माझ्याकडे बघून नाही गं. पण मला लागलं ते लागलंच. तीन दिवस घास गोड लागला नाही. राग आला. त्यांचा, तिचा, प्रभूचासुद्धा. म्हटलं, प्रभू, एवढ्या वर्षांनी सूड घ्यायची संधी दिलीस, तर ती माझ्या कामातच का दिलीस? रस्त्यात कुठे भेटली असती तर…

… आज परत आली. तक्रार? छे! म्हणते, "माझंच काहीतरी चुकत असेल मुली, मशीन चांगलंच असणार." … बघ ना! असं बोलायला हिला आता सुचतंय.

… नीट करून दे? तू म्हणतेस? अगं, त्यानंतर चार माणसांत तू कधी वाचलं नाहीस. लग्नातली शपथसुद्धा पुटपुटलीस, नवऱ्याला तरी कळली का कोण जाणे… हसू नकोस. मी नाही हसत. हे काम मी शिकले ते तुझ्यासाठी. हिच्यासाठी नाही.

… नाही. माफबिफ मी करणार नाही… मशीन?…

… करते. माफी वेगळी, मशीन वेगळं. थांब, फोन चालूच ठेव. टेबलावर ठेवते.

या बाई, बसा. मान सरळ… मशीन कॉम्प्युटरला जोडतेय… झालं. आता? हळूच बोलतेय मी, कळतंय?… हा कागद चुरगाळते, आवाज टोचत नाही ना कानाला?… बरं. मग नीट ऐका. हे मशीन मी मुद्दाम बिघडवलं होतं. हो, मुद्दाम. तुमची काही चूक नव्हती. तुम्ही तिसरीच्या वर्गात वाचनाच्या तासाला एका मुलीला मारलंत. त्या दिवसापासून तिचा डावा कान बंद आहे. मी तिची थोरली बहीण… नाही, मशीन काढायचं नाही. हात खाली घ्या.

हॅलो?… ऐकलंस सगळं?… बसलीये. हात मांडीवर घेऊन… कुठली रडतेय! म्हणाली, "इतक्या जणींना मारलं, त्यातली कोणती ते आठवत नाही." … हो, अगदी असंच… मलाही तेच वाटलं. मशीन परत बिघडवायला एक बटण दाबायचा अवकाश होता, बोट होतं त्यावर… नाही दाबलं. का ते विचारू नकोस. दया आली म्हणून तर मुळीच नाही. आता तिला बारीकसुद्धा ऐकू येतंय.

… फोनवर काय बोलतेस तिच्याशी! नको. माझं ऐक. रविवारी इकडे ये. चर्चमध्ये सगळ्यांसमोर शास्त्रवाचन तू करायचंस. पाळकसाहेबांना मी सांगते… अडखळलीस तर अडखळ. दहादा अडखळ. हवा तेवढा वेळ घे. ती पुढच्या बाकावर दोन्ही मशीन लावून बसेल, आणि तिच्या शेजारी मी. तुझं एक अक्षरसुद्धा तिच्या कानातून निसटणार नाही, ते माझ्याकडे लागलं.

… सूड म्हण, उपासना म्हण. मला आज तरी दोन्ही वेगळं करता येत नाही… येशील ना?… काय?… मोठ्याने बोल…

हां, आलं ऐकू. ये मग. ठेवते.