सवत वरच्या गटात गेली

इकडं सरक की गं पोरी, भिताडाला काय चिकटलीस. आत्तीच्या घरात पावण्यासारखी बसतीस व्हय? आणि त्यो फोन पालथा घाल. लिहून घ्यायचं तूच म्हणालीस न्हवं, मग मी बोलाय लागलो की तुझं ध्यान तिकडं कसं जातंय?

तर माझं माहेर कागलाकडचं, तुला ठावंच हाय, तुझा बा माझा धाकटा भाऊ. लगीन होऊन मी ह्या पेठेत आलो, सासू दारात ओवाळाय उभी, आणि नवराच गायब. काय सांगू तुला, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच हुती, आपल्याकडं तालमी कुस्तीसंगं फुटबॉलबी खेळत्यात, मुंडावळ्या खिशात कोंबून हे मैदानावर गेलते. तवाच कळलं, ह्या घरात माझ्याआधी एक सवत येऊन बसलीया.

हे शिरोलीला कारखान्यात लेथ मशिनीवर, आणि संघ सांभाळायचे हेच. पगार झाला की अर्धा घरात, अर्धा संघातल्या पोरांच्या बुटात. म्हणून मी दोन म्हशी पाळल्या. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाईकासमोर धार काढायची, फेसाचा गिलास तिथंच हातात द्यायचा, आपल्या कोल्हापुरात अजून चालतंय तसं. पण पहिली धार गिऱ्हाईकाला न्हाय, तालमीच्या पोरांस्नी, ती पण फुकट, ह्यांचा नेमच. माझ्या लेकीला साय मिळायची न्हाय आणि गोलकीपरच्या मिशीला फेस. माझा गुडघा सुजला तर म्हणायचे तेल लाव, पोरांचा सुजला की रिक्षा. जळायचो की गं. दात-ओठ खात धार काढायचो.

मग संघ जिंकत जिंकत वरच्या गटात गेला. हलगी, गुलाल, सगळी पेठ लाल. आणि आमच्या माणसांची खोड बघ, फुडच्या हंगामाला राखायचं ते पैसं मिरवणुकीत आणि गल्लीभर तांबडा-पांढरा रस्सा वाढण्यात उडवलं. खालच्या गटात वर्गणीवर भागायचं. वर खेळायचं म्हंजे बाहेरचे खेळाडू आणा, त्यांस्नी पगार, खोली, जेवण, डॉक्टर. संघ सगळ्या गल्लीचा, पण पतपेढीत कर्जाला सही करायची म्हणल्यावर सगळ्यांस्नी कामं निघाली, आणि सही राहिली एकट्या ह्यांची. तारण माझ्या पाटल्या. हंगामभराचंच काम हाय म्हणाले. मी काढून दिल्या आणि आठवडाभर ह्यांच्या च्यात साखर घातली न्हाय.

हप्ते थकले तवा एक कारखानदार शेठ बायकोला घेऊन घरी आला. म्हणाला, कर्ज सगळं मी फेडतो, वैनींच्या पाटल्या उद्या सोडवतो, फकस्त संघ माझ्या नावावर करा, शर्टावर तालमीचं नाव नको, माझ्या कारखान्याचं घाला, पोरं माझ्याकडं राहतील. ह्यांनी मान खाली घातली. म्हणाले, पाटल्या हिच्या हायत, हिलाच इचारा.

आता बघ, सवत जाती आणि पाटल्या येत्यात, बाईला आणखी काय पायजे? मी व्हय म्हणणारच हुतो. तोंडात आलतं. तेवढ्यात शेठाणी माझ्या दुधाच्या चरवीकडं बघून हसली. बाई वाईट न्हवती, गोड बोलायची. म्हणाली, मावशी, आता तुम्हाला हा त्रास नको, पोरांसाठी ताकदीच्या पावडरीचे डबे आणून ठेवलेत मी, आता ती माझी पोरं.

माझी पोरं, म्हणं. पोरी, एवढी वर्सं ह्या पोरांवर जळलो ते काहीच न्हवं, असा भडका उठला. माझ्या म्हशीच्या धारेवर वाढलेली पोरं हिची कशी हुतील? मी चरवी उचलली. म्हणलं, बाई, माझ्या पोरांची दुधाची वेळ झालीया, संघ काय मिळायचा न्हाय. आणि पायताण घालून भाईर पडलो. मागनं हे आले, आणि जल्मात पहिल्यांदा म्हशीचं दावं ह्यांनी सोडलं.

पाटल्या अजून पतपेढीतच हायत. हे रिटायर झालते, हप्त्यासाठी परत लेथवर उभं राहत्यात, मी एक म्हैस वाढवली. संघ वर टिकतो का खाली येतो ते आता शेवटच्या मॅचवर हाय. जळतो का इचारतीस? जळतो की. परवा हे त्या सवतीसाठी गोलाची नवी जाळी घेऊन आले, मला साधा गजरा न्हाय.

बरं, ती मॅच रविवारी हाय, तवा पुण्याला परत गेलीस तरी तिथंच बसून राहू नको, ये. मैदानावर माझ्याशेजारी बस, मग कट्ट्यावर जाऊ, धारेचं दूध पाजतो. पण आत्ताच सांगून ठेवतो, पहिली धार मागायची न्हाय.