टोपीत कोंबलेले फोन

...नाही पण मला सांगा, वर्गात फोन गोळा केले म्हणून मी काय वाईट बाई झाले का हो? सहावीची पोरं ती! शेजारी मैत्रीण बसलीय, तिला हाक मारायची सोडून मेसेज पाठवतात! तुम्हाला सांगते, आमचे हेडमास्तर सादिरबेक राजधानीतून, बिश्केकहून प्रशिक्षण घेऊन आले आणि लागले मागे, "बाई, पोरं एकमेकांचं बघून शिकतात, गोलात बसवा, आणि तुम्ही मध्ये तोंड घालू नका!" म्हटलं, बरं. नवऱ्याची लोकरी टोपी आणली, सगळे फोन तिच्यात टाकले, पोरं बसवली गोल, मध्ये किटली नि वाट्या ठेवल्या आणि काम दिलं, पाहुण्याला चहा कसा द्यायचा ते एकमेकांना शिकवा.

काय छान चाललं होतं! भांडत होती, बोटं भाजून घेत होती, पण बोलत होती हो! तेवढ्यात टोपी थरथरायला लागली. गुर्र... गुर्र... बेगिमाय उठली. "एजेके," आमच्याकडे बाईंना असंच म्हणतात, "माझा आहे." मी म्हटलं, "बस खाली! नियम म्हणजे नियम!" बसली बिचारी. टोपी पुन्हा गुर्र... मी वरून माझी शालच टाकली!

मग ती कुंदुज, आगाऊ कार्टी, कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, "एजेके, तिची आई मॉस्कोत हॉटेलात भांडी घासते. तिला आत्ताच सुट्टी असते. नंतर नसते." झालं! दोन वर्षं जिनं आई फोनमध्येच बघितलीय, तिची आई मी शालीखाली कोंबली! मला काय माहीत? पण माहीत असायला नको होतं का? वर्गशिक्षिका ना मी? लाज वाटली हो, खरंच लाज वाटली... पण वाईट बाई आहे का हो मी?

फोन काढून दिला, नशीब, लागला. पोरांनी मला विचारलंसुद्धा नाही! फोन मानाच्या जागी ठेवला, साखरेच्या डब्याला टेकवून. आई पलीकडून रडतेय, हसतेय, आणि कुंदुजनं तिच्यापुढे चहाची वाटी ठेवली, तळाशी जेमतेम दोन घोट. आमच्याकडे आवडत्या पाहुण्याला असाच थोडा थोडा देतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो, बसून राहतो. काठोकाठ भरून दिला की समजायचं... प्या आणि निघा.

मी हळूच म्हटलं, "पोरींनो, आणि मला?" बेगिमायनं डोळे पुसले, किटली उचलली, आणि माझी वाटी अशी भरली, अशी भरली, की उचलता येईना!

वाईट बाई नाही हो मी... पण करते काय? वाकले, ओठ लावले, गुपचूप प्यायले आणि वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले. चुकलं म्हणायला जागाच नव्हती, शिकवलेलं अगदी बरोबर आलं होतं!